घरातल्या रद्दीतून फिल्म: गोव्यात बसून कोलाज फिल्म कशी करायची

नोव्हेंबर जवळ आला की पणजीत इफ्फीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची, हवा सुरू होते (२००४ पासून इफ्फी गोव्यातच आहे), आणि त्याच सुमाराला ओळखीतली पोरं विचारायला लागतात की फिल्म करायचीय, कॅमेरा कुठला घेऊ, ड्रोन भाड्याने कुठे मिळेल. मग ड्रोन उडतो, माडांवरून जातो, समुद्र दिसतो, चर्चची पांढरी भिंत दिसते, झालं. तोच शॉट हॉटेलच्या जाहिरातीत असतो, तोच कुणाच्यातरी लग्नाच्या व्हिडिओत, आणि हिंदी पिक्चरात तर तो बघून बघून आता डोळे दुखतात. गोव्याचं एवढं शूटिंग होऊन पडलंय की त्यात आपण आणखी एक माड घालून काय मिळवणार.

म्हणून माझा सल्ला असा की पहिली फिल्म करताना नवीन काही शूटच करू नका. टुरिझमवाल्यांनी छापलेलं, काकांनी लग्नात घेतलेलं, पेपरात आलेलं, शाळेच्या गॅदरिंगचं असं सगळं जे आधीच काढून ठेवलेलं आहे ते कापा आणि एकमेकांसमोर उभं करा. कोलाज फिल्म ती हीच. यात दोन वेगळे प्रकार येतात: एक म्हणजे दुसऱ्यांचं जुनं फुटेज कापून जोडणं, आणि दुसरा म्हणजे कागदाची कात्रणं टेबलावर हलवून केलेलं ॲनिमेशन. मी दोन्हीबद्दल लिहितोय कारण प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांत मिसळतातच.

यात एवढी मजा कसली

१९३६ ची गोष्ट. न्यूयॉर्कचा जोसेफ कॉर्नेल, जुन्या वस्तू जमवून लाकडी पेट्यांत मांडणारा कलाकार, त्याच्या हाती १९३१ च्या एका साहसपटाची प्रिंट लागली, जंगल, ज्वालामुखी वगैरे. त्याने ती कापली आणि जवळपास फक्त नायिका ठेवली, ती वळून बघते, हात उचलते, घाबरते, कशाला घाबरते ते काढूनच टाकलं. संवाद काढले, प्रोजेक्टर हळू चालवला, समोर निळी काच धरली आणि वर ब्राझिलियन गाण्यांच्या तबकड्या लावल्या. त्या नटीच्याच नावाची ही ‘रोज हॉबार्ट’, आणि स्वतः एक फूटही न शूट करता झालेली फिल्म. दाखवली तेव्हा चित्रकार साल्व्हादोर दाली भडकला, ही कल्पना माझ्या डोक्यातली होती म्हणाला, असा किस्सा सांगतात.

त्याच्या आधी रशियात एस्फीर शूबने १९२७ मध्ये झारच्या घरातल्या खाजगी फिल्मा आणि न्यूजरील शोधून शोधून रोमानोव्ह घराण्याच्या पाडावावर पूर्ण लांबीची फिल्म केली. झारने हौसेने काढून घेतलेलं फुटेज त्याच्याच विरोधात साक्ष द्यायला लागलं, आणि मधल्या मजकुराच्या पाट्या सोडल्या तर बाईंनी त्यात कुणाला बदनाम करायला वेगळं काही घातलं नाही, नुसतं ते कशाशेजारी ठेवायचं ते ठरवलं. हे मला फार आवडतं.

आणि ब्रूस कॉनरची १९५८ ची ‘अ मूव्ही’, १२ मिनिटांची. त्यात एक पाणबुडीवाला पेरिस्कोपमधून बघतो, पुढचा शॉट एका बाईचा, मग टॉर्पेडो सुटतो, मग अणुबॉम्बचा ढग. हे सगळे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणचे, त्या पाणबुडीवाल्याने ती बाई जन्मात पाहिलेली नाही, पण आपल्या डोक्यात गोष्ट तयार झालेली असते आणि आपण आधी हसतो आणि मग जरा गप्प होतो. कॉनरने शूट काहीच केलं नाही. जी गंमत आहे ती दोन तुकड्यांच्या मधल्या जागेत आहे आणि ती भरतो बघणारा.

आपल्याकडेही हे परकं नाही बरं का. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याचं रोप वाढताना फ्रेम फ्रेम करून टिपलं होतं, नंतर आगकाड्या हलवूनही फिल्म केली. फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पतींनी १९६८ मध्ये ‘एक्सप्लोरर’ केली, सरकारी खर्चाने असली धडाधड कापलेली फिल्म होऊ शकते यावर आज विश्वास बसत नाही. पुढे काही वाचायच्या आधी ती शोधून बघा, सात-आठ मिनिटांचा मामला आहे.

गोव्यातल्या माणसाला हे समजावायला मी माटोळी सांगतो. चवथीला गणपतीच्या वर सुपारीचे घोस, नारळ, तोरंजन, चिबूड, रानातली कांगलं एका चौकटीला बांधतो ना आपण, त्यात कुणी सगळं एकत्र करून एकजीव करत नाही, प्रत्येक वस्तू वेगळी लटकते, दोरीची गाठही दिसते, आणि तरी ती एकच वस्तू वाटते. फिल्ममध्येही जोड दिसू दे. सगळ्यावर एकच जुनाट पिवळा फिल्टर मारून सारखं करायचा मोह होतो, तो मारलात की संपलं, कारण मग कुठला तुकडा कुठून आला हेच कळत नाही आणि टक्कर होतच नाही.

पहिलं काम: ढीग

आयडिया नंतर, आधी ढीग. हे उलटं वाटेल पण आयडिया घेऊन सामान शोधायला निघालात तर तुम्ही फक्त तिला शोभणारं उचलता, आणि शोभणारं म्हणजे बहुतेक वेळा तेच माड आणि तोच समुद्र.

घरात बघा: लग्नाच्या व्हीएचएस, फोटोचे अल्बम, फोटोच्या मागची पेनाने लिहिलेली तारीख (ती पण स्कॅन करायची), लग्नपत्रिका, नाटकाची हँडबिलं, जत्रेची कार्यक्रमपत्रिका, कालनिर्णयाची पानं, ज्यावर आईने दुधाचा हिशोब लिहिलाय ती तर सोनं आहेत. शाळेची प्रगतीपुस्तकं. गल्फमध्ये असलेल्या मामाची पत्रं. बाहेर बघा: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुनी मासिकं, पोस्टकार्डं, पोर्तुगीज काळातली तिकिटं कधी कधी मिळतात. रद्दीवाल्याकडे किलोच्या भावाने जे मिळतं ते पुस्तकांच्या दुकानात मिळणार नाही, त्याला सांगून ठेवलं की जुनी मासिकं बाजूला ठेवतो. हॉटेलांच्या काउंटरवरची फुकट ब्रोशर उचला, सगळी उचला, चकचकीत कागद कापायला छान असतो. जुने पेपर बघायला पणजीत पाटोवरची सेंट्रल लायब्ररी आहे, फक्त तिथे कात्री चालत नाही हे वेगळं सांगायला नको, फोटो काढता येईल का ते तिथे विचारून घ्या.

इंटरनेटवर इंटरनेट आर्काइव्ह नावाच्या साइटवर प्रेलिंगर संग्रह आहे, जुन्या अमेरिकन जाहिराती, शाळेत दाखवायच्या फिल्मा, घरगुती फुटेज, त्यातलं भरपूर डाउनलोड करून वापरता येतं. पण माझं मत विचाराल तर पहिल्या फिल्ममध्ये त्याला हात लावू नका. जगातला प्रत्येक कोलाजवाला तेच फुटेज वापरतो, आणि डिचोलीच्या घरातली कॅसेट तुमच्याशिवाय कुणाकडे नाही.

एआयने चित्र बनवून घेऊन त्याचं कोलाज करू का असंही हल्ली विचारतात. करा, कुणी पोलीस येणार नाही. पण कोलाजच्या तुकड्याला आधीचं एक आयुष्य असावं लागतं, तो कुणीतरी कशासाठीतरी केलेला असतो आणि तुम्ही तो तिथून ओढून आणता. कालच बनलेल्या चित्राला ओढून आणायला मागे काही नसतं, त्यामुळे मला तरी ते पोकळ लागतं.

कायद्याचं एकदाच नीट

हा भाग कंटाळवाणा आहे पण वाचा. भारतात फिल्मचा कॉपीराइट ती प्रसिद्ध झाली त्याच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६० मध्ये आलेली फिल्म २०२१ च्या सुरुवातीला मोकळी झाली. ध्वनिमुद्रणालाही प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. पण गाण्याचे शब्द आणि चाल वेगळ्या, त्यांना लिहिणाऱ्याच्या किंवा चाल बांधणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, त्यामुळे जुनी फिल्म मोकळी आणि तिच्यातलं गाणं अडकलेलं असं होऊ शकतं. दुसऱ्या देशाचे नियम वेगळे, इथे मोकळं ते तिकडे मोकळं असेलच असं नाही.

आता कामाची गोष्ट: पैसे देऊन कुणाकडून फोटो किंवा व्हिडिओ काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पहिला मालक पैसे देऊन काढून घेणारा असतो. म्हणजे काकांच्या लग्नाची कॅसेट साधारणपणे काकांची, व्हिडिओवाल्याची नाही, फक्त व्हिडिओवाल्याने मागे टाकलेली हिंदी गाणी काकांची नाहीत. आवाज काढून टाका, प्रश्न मिटला आणि फिल्मही सुधारली.

‘फेअर डीलिंग’ म्हणून सगळं चालतं हा समज सोडा. आपल्या कायद्यात ते खाजगी वापर, संशोधन, टीका किंवा परीक्षण, चालू घडामोडींची बातमी अशा कामांपुरतं आहे, कलेसाठी कापाकापीला सरसकट सूट असं काही लिहिलेलं नाही. घरी कापून शिकायला काहीही घ्या, लोकांना दाखवायची असेल तर घरचं, मोकळं झालेलं, नाहीतर परवानगीचं. कुठला तुकडा कुठून आणला याचा एक तक्ता पहिल्या दिवसापासून ठेवा, नंतर फेस्टिव्हलवाले विचारतातच.

कॅसेट आणि फोटो आत घेणं

गोव्याच्या दमटपणाचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे व्हीएचएस. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टेपवर पांढरी भुकटी किंवा धागे दिसले तर ती बुरशी, अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, मशीनचं हेड घाण होतं आणि मग पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागण. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. हे सगळं काम जानेवारी-फेब्रुवारीत उरका, जूनपर्यंत ढकललं की अल्बमचे फोटो प्लास्टिकला चिकटून बसतात. चिकटलेला फोटो ओढायचा नाही, प्लास्टिकसकट स्कॅन करायचा. चांगल्या कॅसेटी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून उभ्या ठेवा.

चालू व्हीसीआर, तीन वायरींची केबल आणि एक यूएसबी कॅप्चर कार्ड एवढं लागतं, कॉम्प्युटरवर ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आपल्याकडची व्हीएचएस पाल पद्धतीची, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम्स, ती ७२० गुणिले ५७६ मध्ये घ्या. चित्र इंटरलेस्ड असतं, हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात, त्या डीइंटरलेस करून काढा. तळाशी एक फाटकी हलती पट्टी दिसते, टीव्हीवर ती कडेला झाकली जायची, कॉम्प्युटरवर उघडी पडते. मी ती ठेवतो. आणि मूळ चित्र ४:३ चं आहे, ते ओढून १६:९ करू नका, नवरी जाडी दिसते आणि नवरीचे नातेवाईक बघणार आहेत. बाजूला काळं राहू दे.

फोटोचं गणित सोपं. १० बाय १५ सेंटीमीटरचा फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला की साधारण २३६२ बाय ३५४३ पिक्सेल मिळतात, फुल एचडी फ्रेम १९२० बाय १०८० ची, म्हणजे आत झूम करायला जागा उरते. ३०० ला केलात तर उभ्या फोटोची रुंदी ११८१ वरच संपते आणि चेहऱ्यावर गेलात की चिखल. पोस्टाची तिकिटं, फेरीची तिकिटं असलं बारीक सामान १२०० ला. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या बाजूच्या उजेडात, ऊन थेट न येता, फोन फोटोला अगदी समांतर धरून काढा.

फोनवरचे जुने व्हिडिओ घेताना एक लफडं असतं, त्यांचा फ्रेम रेट मधेमधे बदलतो आणि एडिटमध्ये आवाज सरकायला लागतो. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून एकदा फिक्स २५ वर काढून घ्या, मगच टाइमलाइनवर.

नावं देणं, खरी फिल्म इथे होते

बहुतेक लोक हा टप्पा उडवतात आणि मग तीन महिने टाइमलाइनसमोर डोकं धरून बसतात.

फाइलींना ‘काकांचं लग्न १’, ‘ब्रोशर २’ अशी नावं देऊ नका. कुठून आलं ते तक्त्यात असतंच. फोल्डर करा ते दिसतं काय त्यावरून: हात उचललेले. दारं. वळून बघणारे. पाणी. डावीकडून उजवीकडे जाणारं काहीही. गोल गोष्टी. निळं. तोंड उघडं. कॉर्नेलने त्या नटीचं केलं ते हेच होतं, कथेतून हावभाव वेगळे काढले.

समजा तुमच्याकडे तीन ढीग आहेत, रिसॉर्टचं ब्रोशर, फोंड्याच्या एका लग्नाची नव्वदच्या दशकातली कॅसेट, आणि डिचोलीकडच्या खनिज ट्रकांचं कुणीतरी गॅलरीतून घेतलेलं फुटेज. ‘हात’ या फोल्डरमध्ये आता कॉकटेलचा ग्लास उंचावलेली ब्रोशरमधली बाई येते, स्टीलचा पेला उंचावलेले काका येतात, आणि ट्रक मागे घेताना हात हलवणारा क्लीनर येतो. तिघंही तोच हात तसाच उचलतायत. हे लागोपाठ ठेवलंत की गोव्यात कोण कशासाठी हात वर करतं यावर एक शब्द न बोलता काहीतरी झालं. ‘निळं’ मध्ये स्विमिंग पूल येतो आणि पावसाळ्यात घरावर घातलेली ताडपत्री येते. ‘झाकलेलं’ मध्ये अंतरपाटाआडची नवरी येते आणि धुळीने लाल झालेली माडाची झावळं येतात, बघा काय होतं ते. आणि २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या, त्यामुळे ट्रकांच्या त्या फुटेजला आपोआप एक तारीख चिकटलीय, ती फिल्ममध्ये लिहून दाखवायची काही गरज नाही, इथल्या माणसाला कळते.

एका तुकड्याला दोनतीन फोल्डरमध्ये जागा मिळाली तर तो तुकडा कामाचा. कुठेच जात नाही तो सोडून द्या, कितीही सुंदर असला तरी.

एक जाचक नियम घ्या

ढीग मोठा झाला की हात चालेनासा होतो, म्हणून स्वतःला बांधून घ्या. नियम कसलाही चालेल: फक्त पाठमोरी माणसं. एकही चेहरा नाही. प्रत्येक शॉट आधीच्यापेक्षा लहान. फक्त एकाच वर्षाची कागदपत्रं, समजा १९६७, ज्या वर्षी १६ जानेवारीला गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावर ओपिनियन पोल झाला, तर त्या वर्षीचं कॅलेंडर, पेपर, तिकिटं, घरातले फोटो आणि बाकी काही नाही. नियमाने जीव घुसमटायला लागला की समजा बरोबर नियम मिळालाय. लांबी तीन मिनिटं, जास्त नाही. कोलाजमध्ये बघणाऱ्याला सतत काम असतं, तो लवकर दमतो.

टेबलावरचं काम

कात्रणं हलवायची असतील तर फोन टेबलाच्या वर, लेन्स सरळ खाली बघेल असा घट्ट बसवा, आडव्या दांड्याचा स्टँड मिळतो, नाहीतर दोन खुर्च्यांवर फळी आणि फळीला भोक. दोन्ही बाजूंनी ४५ अंशावर दोन सारखे दिवे. खिडकी बंद, रात्री बसा, कारण दिवसा ढग आला-गेला की प्रत्येक फ्रेमचा उजेड बदलतो. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स लॉक करा. एलईडीखाली चित्र लुकलुकत असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ला ठेवून बघा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. आणि पंखा बंद. हो, मे महिन्यातसुद्धा. कात्रण उडालं की मागच्या सगळ्या कामावर पाणी, त्यामुळे घाम पुसायला टॉवेल घेऊन बसायचं आणि घाम कागदावर पडू द्यायचा नाही.

फोनवर स्टॉप मोशन स्टुडिओ हे ॲप पुरतं, मागची फ्रेम पुसट दिसत राहते ते फीचर चालू ठेवा. २५ च्या टाइमलाइनवर एक फोटो दोन फ्रेम धरला तर सेकंदाला साडेबारा फोटो, मिनिटाला ७५०. हा आकडा बघून घाबरू नका पण त्यानुसार झोपेचं प्लॅनिंग करा. सगळं हलवायचं नसतं, माणूस अख्खा न हलवता फक्त डोळ्याची बाहुली हलवली तरी जिवंत होतो.

कापायला चांगला कटर आणि खाली कटिंग मॅट, हलवायला चिमटा. कात्रणाची पांढरी कड फार खटकत असेल तर काळ्या मार्करने फिरवून घ्या, पण मी म्हणतो फाडून बघा, कापू नका, फाटक्या कडेला जे कागदाचं पांढरं मांस दिसतं ते स्क्रीनवर फार सुंदर येतं. खोली हवी असेल तर काचा वापरा: खाली पार्श्वभूमी, चार बाजूंना स्टीलचे चार सारखे पेले, वर काच, त्यावर पुढचं चित्र. लोट्टे रायनिगरने १९२६ ची आपली सावल्यांची फिल्म काचांच्या अशाच थरांवर केली होती. काचेत फोनचं प्रतिबिंब येतं, काळ्या कार्डबोर्डला लेन्सपुरतं भोक पाडून तो फोनखाली लावा.

कॅमेरा अजिबात न लावताही एक प्रकार होतो. स्टॅन ब्रॅखेजने १९६३ मध्ये ‘मॉथलाइट’साठी पतंगांचे पंख आणि पानं-गवताचे तुकडे पारदर्शक टेपमध्ये दाबून त्याचीच फिल्म छापली. आपल्याकडे पहिला पाऊस पडला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचा थवा येतो आणि सकाळी पायरीवर पंखांचा नुसता सडा पडलेला असतो. ते गोळा करा, कुणाला मारावंही लागत नाही. रुंद पारदर्शक टेपच्या दोन थरांत लांब पट्टी करा, लाइट बॉक्सवर (किंवा टॅबलेट पूर्ण पांढरा करून, मधे बटर पेपर ठेवून) तिला थोडी थोडी सरकवत फोटो घ्या. रद्दीत खरी ३५ मिलिमीटरची पट्टी सापडली तर टाचणीने तिच्यावर ओरखडे काढून बघा, तिच्यात एका फुटात १६ फ्रेम्स असतात, म्हणजे दीड फुटात एक सेकंद गेला.

जोडणं

एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरून उरते, कॉम्प्युटर दमलेला असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह.

आधी जोड्या करा. फिल्म नको, नुसत्या जोड्या. एका फोल्डरमधला एक शॉट, दुसऱ्यातला एक, पाच सेकंदांची फाइल. अशा तीसचाळीस करा आणि घरातल्या कुणालातरी दाखवा, अर्थ विचारू नका, फक्त कुठे मान हलते, कुठे हसू येतं ते बघा. चालल्या त्या ठेवा. मग त्या जोड्या एकमेकींना लावत जा.

जोड तीन तऱ्हांनी लागतो असं मला दिसलंय. हालचालीने: एकाने सुरू केलेला हात दुसऱ्याने संपवला. आकाराने: बैलगाडीचं चाक आणि कॅसिनोचं चक्र. आणि टकरीने, म्हणजे काहीच जुळत नाही आणि म्हणूनच ठिणगी. टकरीचे जोड पहिल्या फिल्ममध्ये सगळे फार वापरतात, ते मिठाएवढेच ठेवा. क्रॉस डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं उमटतं ते) बंद, सरळ कट. स्थिर फोटो दोनतीन सेकंद धरा, आणि एखाद्या ठिकाणी सहा फ्रेम्सचा फटका द्या, २५ च्या हिशोबात ते पाव सेकंदाच्या आसपास, दिसतं पण वाचता येत नाही. एक तुकडा तरी पुन्हा येऊ दे, दुसऱ्यांदा तो तसाच राहत नाही.

आवाजाला चित्राएवढाच वेळ द्या. आर्थर लिप्सेट कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात एडिटर होता, त्याने तिथे टाकून दिलेल्या आवाजाच्या टेपा जोडल्या, वर स्थिर फोटो लावले, १९६१ ची ती सात मिनिटांची ‘व्हेरी नाइस, व्हेरी नाइस’ ऑस्कर नॉमिनेशनपर्यंत गेली. म्हणजे आवाज आधी आणि चित्र नंतर असंही चालतं, आणि मला विचाराल तर तसंच करून बघा. फोन घेऊन सकाळी बाहेर पडा: पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा, फेरीबोटीचं इंजिन आणि साखळीचा आवाज, पत्र्यावरचा पाऊस, देवळातला चौघडा, तियात्राची (कोंकणी नाटकाची) जाहिरात करत फिरणारी गाडी, मासळी बाजारातली घासाघीस. प्रत्येक ठिकाणी शेवटी एक मिनिट काही न करता नुसतं रेकॉर्ड करा, सांधे बुजवायला लागतं. मग एकच शॉट घ्या, समजा तो ट्रक, आणि त्याखाली एकदा चौघडा, एकदा पाऊस, एकदा पोदेर लावून बघा. पोदेराच्या भोंग्यावर खनिजाचा ट्रक येतो तेव्हा तो अचानक रोजच्या रोज घरी येणारी वस्तू होतो, आणि हा अर्थ चित्रात कुठेच नव्हता. लोकप्रिय गाणं लावू नका, कॉपीराइट सोडाच, गाणं सगळ्या जोडांवर गुळाचा पाक ओततं. शेवटी आवाजाची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (एकूण आवाज किती मोठा लागतो याचं माप) आसपास आणि सगळ्यात वरचं टोक उणे १ डेसिबलवर ठेवा, फोनवर नीट ऐकू येतं.

दाखवायच्या आधी

१९२० बाय १०८०, एच २६४, २५ फ्रेम्स, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी चालतं, मोठ्या थिएटरवाल्यांनी डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरला लागणारा फाइलींचा संच) मागितला तरच त्याच्या नादी लागा. पाठवायला बेंगळुरूचा एक्सपेरिमेंटा आहे, खास प्रयोगाच्या फिल्मांसाठी २००३ मध्ये सुरू झालेला, आणि मुंबईचा मिफ्फ, डॉक्युमेंटरी, शॉर्ट आणि ॲनिमेशनचा. इफ्फीच्या मागे पहिल्याच फिल्मला लागू नका, त्यापेक्षा तिथे नऊ दिवस बसून बघा.

पण कुठेही पाठवायच्या आधी फिल्ममधल्या माणसांना ती दाखवा, म्हणजे चवथीला सगळे घरी जमतात तेव्हा पडदा लावून नव्हे, एकेकट्याला, फोनवर. लग्नाच्या कॅसेटमध्ये नंतर मोडलेले संसार असतात, गेलेली माणसं असतात, जमिनीच्या वादात आता कोर्टात समोरासमोर असलेले भाऊ एका ताटात जेवताना असतात. तुमच्यासाठी तो ‘हात’ फोल्डरमधला तुकडा, त्यांच्यासाठी तो भाऊ. आत्या म्हणाली हे काढ तर काढायचं, वाद घालायचा नाही. त्या जागी तेवढ्याच लांबीचं काळं ठेवा आणि आवाज तसाच चालू द्या, बहुतेक वेळा तो जोड आधीपेक्षा चांगला लागतो. मग सगळ्या फाइली दोन हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी, आणि कॅसेटी ज्यांच्या त्यांना सिलिका जेलच्या पुडीसकट परत द्या, म्हणजे पुढच्या वेळी मागितल्या तर मिळतील.